प्रॉमला कोणाबरोबर जाणार?

अमेरिकेतील शाळकरी मुलामुलींच्या आयुष्यात नाचाच्या एका रात्रीला एवढे महत्त्व का असते? आणि तिथल्या मराठी घरांत त्या रात्रीवरून खटके का उडतात?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली आहे, अशा पुण्या-नागपूरच्या, इंदूर-बडोद्याच्या कितीतरी आजी-आजोबांच्या मोबाईलवर मे महिन्यात एक फोटो येतो. सतरा वर्षांची नात जमिनीवर लोळणाऱ्या झुळझुळीत झग्यात उभी असते. मनगटावर ताज्या फुलांचा छोटासा गुच्छ बांधलेला असतो. शेजारी काळा सूट आणि बो लावलेला उंच मुलगा, त्याच्या कोटावरही त्याच रंगाचे फूल. कडेला हसरे आई-वडील. आजी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहते आणि मुलीला फोन लावते, "अगं, हिचा साखरपुडा केलात की काय? आम्हाला साधं कळवलंही नाहीत!"

साखरपुडा नसतो, तो प्रॉम असतो. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी होणारा नृत्यसमारंभ. म्हटले तर चार तासांचा कार्यक्रम. जेवण, नाच, फोटो आणि घरी परत. पण त्या चार तासांची तयारी कित्येक महिने चालते आणि त्यापायी अनेक घरांत रडारड होते, अबोला धरला जातो. दहावीच्या निरोप समारंभाला आईची साडी नेसून, दहा पिना टोचून निघालेली आपली मुलगी आणि प्रॉमला निघालेली अमेरिकन मुलगी यांच्या हौसेत फारसा फरक नाही. फरक आहे तो एवढाच, की निरोप समारंभाला जाण्यासाठी "तुला कोणी विचारलं?" या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही. प्रॉमचे बहुतेक सगळे सुखदुःख याच एका प्रश्नाभोवती फिरते. (मुंबई-पुण्यातल्या काही आंतरराष्ट्रीय शाळांत आता 'प्रॉम नाइट' होऊ लागली आहे. तिथे हा प्रश्न अजून एवढा मोठा झालेला नसला, तरी तो येणारच नाही असे समजण्याचे कारण नाही.)

व्यायामशाळेतून हॉटेलात

'प्रॉम' हे 'प्रॉमनाड' या शब्दाचे छोटे रूप. समारंभाच्या सुरुवातीला पाहुण्यांनी जोडीजोडीने, सावकाश पावले टाकत सभागृहात यायचे, त्या मिरवत चालण्याला हे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य भागातील प्रतिष्ठित महाविद्यालयांत ही प्रथा रुजली. ॲमहर्स्ट कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने शेजारच्या स्मिथ या मुलींच्या कॉलेजातील प्रॉमला गेल्याची नोंद १८९४ मध्ये आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. विसाव्या शतकात ही प्रथा कॉलेजातून हायस्कुलात आली. बड्या घरच्या मुलींना समाजापुढे आणण्यासाठी थाटामाटाचे नृत्यसमारंभ होत असत. ते ज्यांना परवडत नव्हते, त्या मध्यमवर्गीयांना आपल्या मुलांना रीतभात शिकवण्याची ही सोय वाटली. सुरुवातीला शाळेच्या व्यायामशाळेतच रंगीत कागदांच्या झिरमिळ्या लावून समारंभ होई. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी पैसा खुळखुळू लागला आणि प्रॉम हॉटेलांत आणि क्लबांत गेला.

३१ मे १९७५ रोजी तर तो थेट व्हाइट हाऊसमध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची मुलगी सुसान हिच्या मुलींच्या शाळेचा प्रॉम तिथल्या ईस्ट रूममध्ये भरला होता. वडील त्या वेळी युरोपच्या दौऱ्यावर होते. बाप घरात नसताना मुलीने मित्र-मैत्रिणींना नाचायला घरी बोलावले, असे म्हणायला हरकत नाही. याच्या उलट टोक म्हणजे ओक्लाहोमा राज्यातील एल्मोर सिटी हे छोटेसे गाव. गाव वसले तेव्हापासून, म्हणजे १८९८ पासून, तिथे सार्वजनिक नाचावर बंदी होती. १९८० मध्ये शाळेच्या मुलांनी अर्ज-विनंत्या केल्या, गावात वाद झाला आणि अखेर पहिला प्रॉम पार पडला. १९८४ च्या 'फूटलूज' या चित्रपटाची कल्पना त्याच घटनेवरून सुचली.

आज प्रॉमचा हंगाम एप्रिल ते जून असा असतो. बारावीची मुले, काही शाळांत अकरावीचीही, तिकीट काढून येतात. दुसऱ्या शाळेतला जोडीदार आणायचा असेल तर आधी फॉर्म भरून परवानगी घ्यावी लागते. हा हंगाम नेमका असा, की कॉलेजचे प्रवेश ठरलेले असतात आणि ऑगस्टमध्ये घर सोडायचे असते. बालवाडीपासून एकत्र वाढलेला वर्ग पुन्हा कधीच पूर्ण जमणार नसतो. २०२० मध्ये कोरोनामुळे देशभरातले प्रॉम रद्द झाले, तेव्हा मुलींनी कपाटात तयार असलेले झगे घरच्या घरी घालून परसातच वडिलांबरोबर नाच केला. ज्यांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटत होता, अशा बऱ्याच मोठ्या माणसांना त्या वर्षी मुलांचे दुःख दिसले.

विचारायचे कोणी आणि कसे?

पूर्वीचा शिरस्ता असा, की मुलाने मुलीला विचारायचे. मुलीने वाट पाहायची. मुलींनी मुलांना विचारायची सोय अमेरिकन समाजाने फार तर एखाद्या दुसऱ्या नाचापुरती ठेवली होती. १९३७ मध्ये एका लोकप्रिय चित्रमालिकेत सेडी हॉकिन्स नावाचे पात्र आले, तिच्या नावाने मुलींनी पुढाकार घ्यायचे नाच शाळा-कॉलेजांत सुरू झाले. पण प्रॉम मात्र बराच काळ 'वाट पाहण्याचाच' समारंभ राहिला. आता मुलीही विचारतात. वाट पाहण्याचा ताण मात्र कमी झालेला नाही, उलट त्याला प्रेक्षक मिळाले आहेत.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत 'प्रॉमपोझल' नावाचा नवा प्रकार निघाला. लग्नाची मागणी घालावी तशी प्रॉमची मागणी घालायची, तीही चारचौघांत. कोणी पिझ्झाच्या खोक्यात अक्षरे मांडतो, कोणी मुलीचे शाळेतले कपाट फुग्यांनी भरून टाकतो, कोणी शाळेच्या बँडला हाताशी धरून मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सूर लावतो. मित्र मोबाईल रोखून उभेच असतात. 'व्हिसा' या कार्ड कंपनीने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत या नुसत्या विचारण्यावर सरासरी ३२४ डॉलर खर्च होतात असे आढळले होते. म्हणजे नाच दूरच, अजून होकारही मिळालेला नाही!

यात गंमत आहे, नाही असे नाही. पण विचार करा, ज्या मुलीला त्या मुलाबरोबर जायचे नाही, तिने काय करायचे? भोवती शे-दोनशे मुले, समोर गुडघ्यावर बसलेला मुलगा, वीस मोबाईल. 'नाही' म्हणावे तर ती दुष्ट ठरते आणि तो हास्यास्पद. म्हणून ती 'हो' म्हणते आणि नंतर आठवडाभर कसे सोडवून घ्यावे याचा विचार करत राहते. मुलाचीही कुचंबणा कमी नसते. सोळाव्या-सतराव्या वर्षी नकार पचवणे एकांतातही जड जाते, इथे तर नकाराचा व्हिडिओ निघतो. शहाणी मुले आधी खाजगीत विचारून घेतात आणि मग जाहीर सोहळा करतात. ही समज मुलांना आई-वडीलच देऊ शकतात, कारण शाळेच्या नियमावलीत ती नसते.

आणि ज्यांना कोणीच विचारत नाही? त्यांच्यासाठी मार्च-एप्रिल हे दोन महिने मोठे असतात. रोज जेवणाच्या सुट्टीत कोणाचे तरी ठरल्याची बातमी येते. हल्ली पुष्कळ मुले-मुली जोडीदाराशिवाय, मित्रमैत्रिणींच्या घोळक्यातून जातात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. पण घोळक्याचेही गणित असते. हॉटेलात एका टेबलाला साधारण दहा खुर्च्या. भाड्याने घेतलेल्या लांबलचक लिमोझिनमध्ये जागा मोजक्या. अकरावी मैत्रीण कोण, हे कोणीतरी ठरवते. मुलगा न मिळाल्याचे दुःख मुली विसरतात, पण आपल्याच घोळक्यातून, खुर्ची कमी पडली म्हणून, आपण गळलो हे विसरत नाहीत. आई विचारते, "काय झालं गं?" उत्तर येते, "काही नाही." हे 'काही नाही' म्हणजे बहुतेक वेळा ती खुर्ची असते.

एका रात्रीचे हिशेब

खर्चाची यादी लांब आहे. झगा, तो अंगाबरोबर करून घेण्याची शिलाई, सँडल, केस, नखे, मेकअप, मुलाचा भाड्याचा टक्सिडो सूट, मनगटाचे फूल, कोटाचे फूल, गाडी, तिकीट, फोटो. त्याच 'व्हिसा' कंपनीच्या पाहणीत २०१३ मध्ये प्रॉमवर होणारा सरासरी खर्च १,१३९ डॉलर निघाला होता, २०१५ मध्ये तो ९१९ डॉलर होता. कार्ड कंपनीची पाहणी म्हणजे शास्त्र नव्हे, हे मान्य. तरीही २०१५ च्या आकड्यांतली एक गोष्ट डोळ्यांत भरते. वर्षाला ५० हजार डॉलरहून अधिक मिळवणारी कुटुंबे प्रॉमवर सुमारे ८०० डॉलर खर्चायचे म्हणत होती, आणि २५ हजारांहून कमी मिळवणारी कुटुंबे जवळजवळ १,४०० डॉलर.

हे वाचून हसू येत असेल, तर जरा थांबा. मुलीच्या लग्नात कर्ज काढून वाजंत्री लावणारा बाप आपल्याला नवा नाही. ज्या घरात मिरवण्याचे प्रसंग थोडे, तिथे आलेल्या प्रसंगावर जीव ओवाळून टाकला जातो. श्रीमंत घरच्या मुलीला अशा रात्री पुढेही येणार आहेत. दुकानात तास-तास उभी राहून काम करणाऱ्या आईच्या मुलीला ही एकच दिसते. खर्चाचा बहुतेक भार पालकच उचलतात. पण खूपशी मुले सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात काम करून, शेजाऱ्यांची लहान मुले सांभाळून पैसे साठवतात, आणि त्या कष्टाच्या पैशांतून घेतलेला झगा ती जास्त जपतात, हेही खरे.

झग्याच्या बाबतीत एक नवीच भानगड आहे. एकाच शाळेतल्या दोघींनी एकसारखा झगा घेऊ नये, म्हणून मुली समाजमाध्यमांवर खास गट काढतात आणि खरेदी झाली की फोटो टाकून आपला झगा 'राखून' ठेवतात. हेतू चांगला. परिणाम असा, की जिला मार्चमध्ये पैसे जमले नाहीत, तिच्या आवडीचे रंग मेपर्यंत संपलेले असतात. शिवाय शाळेचे नियम असतात. पाठ किती उघडी, चीर किती उंच. हे नियम जवळजवळ सगळेच मुलींसाठी असतात, यावरून तिथेही दरवर्षी वाद होतात.

याहून गंभीर गोष्ट आरशासमोर घडते. 'झग्यात मावायचे' म्हणून महिना-दीड महिना जेवण तोडणाऱ्या मुली असतात. वाढत्या वयात असे उपास चक्कर, अशक्तपणा, पाळी चुकणे यांना निमंत्रण देतात आणि काही जणींच्या बाबतीत खाण्याविषयीच्या दीर्घकाळ चालणाऱ्या मानसिक आजाराची ती सुरुवात असते. आपल्या माणसांनी इथे तोंड सांभाळलेले बरे. व्हिडिओ कॉलवर "जरा सुटलीस गं" किंवा "उन्हात फिरू नको, काळवंडलीस" असे मावशी-आत्या सहज बोलून जातात. झगा बदलता येतो, ती वाक्ये वर्षानुवर्षे राहतात.

दारातच अडवलेले

प्रॉमला कोणाबरोबर जायचे, हा प्रश्न अमेरिकेत निव्वळ मुलांचा कधीच नव्हता. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा न्यायालयांच्या आदेशाने एकत्र आल्या, वर्ग एकत्र झाले, खेळाचे संघ एकत्र झाले. पण नाच? अनेक गावांत शाळांनी प्रॉमच बंद केला आणि पालकांनी खाजगी प्रॉम भरवले, गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. मिसिसिपीतील चार्ल्स्टन गावात हे २००८ पर्यंत चालू होते. त्या गावात वाढलेले अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ मध्येच सांगितले होते, एकत्र प्रॉम करा, पैसे मी देतो. कोणी मनावर घेतले नाही. अकरा वर्षांनी त्यांनी तेच पुन्हा सांगितले, तेव्हा एकत्र प्रॉम झाला. तरी काही गोऱ्या पालकांनी त्या वर्षीही आपला वेगळा समारंभ केलाच. जॉर्जिया राज्यातील विल्कॉक्स काउंटीत तर २०१३ मध्ये काळ्या-गोऱ्या मैत्रिणींनी मिळून स्वतः वर्गणी जमवली आणि पहिला एकत्र प्रॉम घडवून आणला. मुलांना अडचण नव्हती. अडचण मोठ्यांना होती.

समलिंगी मुलांचीही हीच कथा. ऱ्होड आयलंडमधील आरोन फ्रिक या विद्यार्थ्याला प्रॉमला मुलगा घेऊन जायचे होते. शाळेने नकार दिला, त्याने दावा लावला आणि १९८० मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तीस वर्षांनी, २०१० मध्ये, मिसिसिपीत कॉन्स्टन्स मॅकमिलन हिने आपल्या मैत्रिणीला बरोबर आणायची परवानगी मागितली, तर शाळा मंडळाने प्रॉमच रद्द केला. नंतर तिला एका ठिकाणचे आमंत्रण दिले गेले. ती पोहोचली तेव्हा तिथे मोजून सात मुले होती, बाकीचा वर्ग दुसरीकडे नाचत होता. पुढे शाळेने ३५ हजार डॉलर भरपाई देऊन तडजोड केली. त्या रिकाम्या हॉलची भरपाई कशी होणार!

मराठी घरातला मे महिना

अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्यरत आहे, दर दोन वर्षांनी त्याचे अधिवेशन भरते. म्हणजे तिथे वाढलेल्या मराठी मुलांची एक पिढी आता स्वतः पालक झाली आहे. त्यांना प्रॉम माहीत आहे. प्रश्न येतो तो १९९० नंतर संगणकाच्या नोकऱ्यांसाठी गेलेल्या आई-वडिलांच्या घरी. त्यांनी अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी रात्री जागवल्या. मुलींशी बोलायला कॉलेजची दोन वर्षे घालवली. त्यांना शनिवारची मराठी शाळा, गणपतीतले नाटक, मुलीचे भरतनाट्यम हे सगळे जमते. 'डेट' हा शब्द आला की मात्र घरात शांतता पसरते.

बहुतेक गैरसमज या एका शब्दाने होतात. प्रॉमची 'डेट' म्हणजे प्रियकर असतोच असे नाही. पुष्कळदा तो गणिताच्या वर्गात शेजारी बसणारा मित्र असतो आणि त्या रात्रीनंतर पुन्हा 'डेट' नसतो. मुलगी सांगत असते 'मला कोणीतरी विचारलं', म्हणजे या शाळेत मी कोणीतरी आहे. आईला ऐकू येते 'मुलीचं काहीतरी जुळलं'. त्यात ही मुले अनेक शाळांत मूठभरच असतात. चार वर्षे त्यांना 'अभ्यासू भारतीय' म्हणून ओळखले गेलेले असते. गृहपाठ मागायला सगळे येतात, नाचाला विचारायला कोणी येत नाही, ही खंत मुलगे-मुली दोघांनाही असते. ती ते घरी बोलत नाहीत, कारण घरी ती खंत मोजलीच जात नाही.

मग पालक तीन गोष्टींवर अडून बसतात : मुलगा कोण, झगा किती उघडा आणि घरी किती वाजता. यातले झग्याचे भांडण खरोखरच सोडवता येते. अनेक भारतीय मुली आता प्रॉमला लेहंगा घालतात किंवा साडी नेसतात, मुलगे बंदगळा घालतात आणि त्यांचे कौतुकच होते. पण ते मुलीच्या मनात आले तर. 'आमच्या अटीवर जा, साडी नेसून जा' असे लादले, तर ज्या साडीवर पुढे तिने प्रेम केले असते, तीच तिला शिक्षा वाटेल.

सरसकट बंदी घालणाऱ्या घरांत काय होते, तेही सांगितले पाहिजे. मुलगी 'मैत्रिणीकडे अभ्यासाला' जाते आणि कपडे तिथे बदलते. ती कोठे आहे, कोणाच्या गाडीत आहे, हे त्या रात्री आई-वडिलांना ठाऊक नसते. म्हणजे ज्या काळजीपोटी बंदी घातली, ती काळजीच बंदीमुळे खरी होते. आणखी एक. त्याच घरातल्या मुलाला मात्र गाडीची किल्ली, शंभर डॉलर आणि "मजा कर" एवढ्यावर पाठवले जाते. प्रॉमच्या रात्री उलटतपासणीची गरज असेल, तर ती मुलाची जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. समोरच्या मुलीने होकार दिला तो नाचायला. तिच्यासाठी फुले आणली, गाडीचे पैसे भरले म्हणून पुढचा काही हक्क तयार होत नाही. 'त्या रात्री सगळेच करतात' ही मुलांमध्ये फिरणारी बढाई आहे आणि तिच्या दडपणाखाली मुलगेही असतात. हे आई-वडिलांनी शब्दांत सांगावे लागते. विषय अवघड आहे, म्हणून गाडी चालवताना बोला. नजरेला नजर द्यावी लागत नाही.

"पुढच्या वर्षी कॉलेजात गेलीस की काय हवं ते कर," असे म्हणून वेळ मारून नेणारे वडीलही असतात. पुढचे वर्ष म्हणजे ऑगस्ट. मेपासून तीनच महिने. त्यानंतर ती रात्री दोन वाजता कोठे आहे, हे विचारायला तुम्ही शेजारच्या खोलीत नसाल. 'मला न्यायला या' असा फोन करायची सवय लागायला हे तीन महिनेच हातात आहेत.

रात्री अकरानंतर

पालक ज्या हॉलला घाबरतात, तिथला बंदोबस्त बहुधा चोख असतो. शिक्षक पहाऱ्याला असतात, पर्स तपासल्या जातात, काही शाळांत दारातच श्वासाची चाचणी घेऊन दारू पकडतात आणि एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेत नाहीत. धोका असतो तो हॉल सुटल्यावर. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर अमेरिकेत सर्वत्र दारूसाठी वयाची अट २१ वर्षे झाली, पण बहुतेक राज्यांत गाडी सोळाव्या-सतराव्या वर्षीच हातात येते. नवशिके चालक, रात्रीची वेळ, गाडी भरून मित्र आणि कोणाच्या तरी बॅगेत बाटली. एप्रिल-मेमध्ये म्हणूनच अनेक शाळा अपघाताचे खोटे दृश्य उभे करतात. चेपलेली गाडी मैदानात आणून ठेवतात, खरे अग्निशामक दल येऊन पत्रा कापते आणि वर्गमित्रांनाच स्ट्रेचरवरून नेताना मुले पाहतात.

मराठी वस्ती भरपूर असलेल्या न्यू जर्सीत सतराव्या वर्षी मिळणाऱ्या तात्पुरत्या परवान्यावर रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी चालवता येत नाही आणि गाडीत एकाहून अधिक मित्र बसवता येत नाहीत. म्हणजे मुलगा म्हणाला, "बाबा, मीच सगळ्यांना घरी सोडतो", तर ते कायद्यातच बसत नाही. याच राज्यात प्रॉमनंतरचा शनिवार-रविवार सीसाइड हाइट्स, वाइल्डवुड अशा समुद्रकिनाऱ्यांवर घर भाड्याने घेऊन घालवायची मुलांची रीत आहे. 'शाळेचीच सहल आहे' असे सांगितले गेले तर शाळेला एक फोन करा. ती शाळेची सहल नसते. वीस मुले, दोन रात्री आणि एकही मोठे माणूस नाही, याला ठाम नकार देणारे आई-बाप मागासलेले ठरत नाहीत. 'आमच्या घरी, आमच्या डोळ्यांसमोर प्यायली तर बरे' हा उदारपणाही नको. अल्पवयीनांना घरात दारू पिऊ देणाऱ्या मोठ्यांना अनेक राज्यांत कायद्याने जबाबदार धरले जाते.

१९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वेलँड गावच्या शाळेत दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध विद्यार्थ्यांची एक संघटना सुरू झाली. तिने एक साधा करार लोकप्रिय केला. मुलाने लिहून द्यायचे, की मी प्यालो किंवा चालवणारा प्यालेला असला तर गाडीत न बसता घरी फोन करीन. आई-वडिलांनी लिहून द्यायचे, की कोणत्याही वेळी, कोठूनही, आम्ही न्यायला येऊ आणि त्या क्षणी एकही प्रश्न विचारणार नाही. बोलणे दुसऱ्या दिवशी. आपल्याकडच्या बापांना यातला शेवटचा भागच कठीण जातो. गाडीत बसल्या बसल्या व्याख्यान सुरू झाले, की पुढच्या वेळी फोन येत नाही.

अनेक गावांत पालकच प्रॉमनंतरचा कार्यक्रम करतात. शाळा किंवा एखादा क्लब रात्रभर उघडा ठेवायचा, खेळ, बक्षिसे, खाणे, आणि पहाटे न्याहारी करून मुले घरी. मेन राज्यात १९८० च्या सुमारास, पदवीदान समारंभाच्या रात्रींचे अपघात पाहून, असेच उपक्रम सुरू झाले आणि पुढे देशभर पसरले. अशा ठिकाणी पहाटे तीनला अंडी तळायला, प्लेटा उचलायला स्वयंसेवक नेहमीच कमी पडतात. मुलीच्या वर्गातली मुले कोण आणि कशी आहेत, हे तिला न विचारता कळण्याची एवढी चांगली जागा दुसरी नाही. फक्त तिच्या टेबलाजवळ घुटमळू नका.

झग्याचे नंतर काय करायचे, हाही एक प्रश्न असतो. दुसऱ्यांदा तो कोणी घालत नाही. २००१ मध्ये फ्लोरिडातील एका शाळकरी मुलीने असे वापरलेले झगे गोळा करून, ज्यांना ते परवडत नाहीत अशा मुलींना द्यायला सुरुवात केली. दोनच वर्षांनी मोटार अपघातात तिचा मृत्यू झाला. 'बेकाज क्लोजेट' म्हणजे बेकाचे कपाट, या नावाने तिचे काम आज अनेक राज्यांत चालते आणि इतरही बऱ्याच गावांत, वाचनालयांत अशी कपाटे आहेत. झगा ड्रायक्लीन करून, चेन आणि हूक तपासून द्यावा. पुढच्या मार्चमध्ये मुली तो हँगरवरून काढून अंगाला लावून पाहतात.